चपलेला मानांकन मिळाले, चांभाराला काय मिळाले?

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने आपल्या फॅशन शोमध्ये मॉडेलांच्या पायात कोल्हापुरी धाटणीच्या चपला घातल्या. त्या चपलांचे मूळ कुठले, याचा उल्लेख सुरुवातीला कंपनीने केला नाही. मग महाराष्ट्रात एकच गदारोळ उडाला. पुढारी, व्यापारी, संपादक, झाडून सारे म्हणू लागले, आमची कोल्हापुरी चोरली! कंपनीला अखेर या चपलेमागे भारतीय कारागिरी आहे हे मान्य करावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये तिने महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार जाहीर केला. दोन हजार जोड, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. रुपयांत सांगायचे तर ऐंशी हजारांच्या वर.

या सगळ्या आरडाओरड्यात आमचे लक्ष एका शब्दाकडे गेले. तो शब्द म्हणजे 'आमची'. ही चपल नेमकी कुणाची? ज्यांनी आयुष्यात कधी आरी हातात धरली नाही, ज्यांच्या वाडवडिलांनी चांभाराच्या हातचे पाणी घेतले नाही, त्यांची ही चपल एका रात्रीत कशी झाली? आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती शिवली त्यांना 'आमची' म्हणायला कुणी बोलावले का?

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव कोल्हापूरचे असले तरी मानांकन आठ जिल्ह्यांना आहे. कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर आणि महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर. होय, सोलापूरसुद्धा! सोलापूर म्हटले की लोकांना चादर आठवते, गिरण्यांची धुराडी आठवतात, शेंगाचटणी आठवते. सोलापूरचा चांभार कुणाला आठवत नाही. म्हणून आज आमच्याच घराण्याच्या चार पिढ्यांचा हिशेब वाचकांपुढे मांडतो. यात घराचा मोठेपणा सांगण्याचा हेतू नाही. सोलापूरच्या कोणत्याही चर्मकार वस्तीत जा, थोड्याफार फरकाने हाच हिशेब ऐकायला मिळेल.

मोट विहिरीत, मोट शिवणारा वेशीबाहेर

आमचे पणजोबा मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातले. काळी जमीन, ज्वारीचे पीक, पावसाची कायमची ओढ. विहिरीचे पाणी शेताला द्यायचे तर मोट हवी आणि मोट चामड्याची. एका मोटेला चांगले जाड कातडे लागे. सोंड वेगळी कापून शिवावी लागे. शिवण अशी घट्ट हवी की भरलेली मोट वर येईपर्यंत थेंब गळता कामा नये. बैलाच्या गळ्यातला पट्टा, आसूड, नाडे, वाद्या, कुणब्याच्या पायातली वहाण, सारे चांभाराच्या हातचे. म्हणजे गावाची शेती ज्या दोन गोष्टींवर चाले, पाणी आणि बैल, त्या दोन्हींना चांभाराचा हात लागल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

आणि मोबदला काय? बलुते. वर्षभर शिवायचे, फाटेल ते सांधायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभे राहायचे. मालक सुपाने घालील ते पदरात घ्यायचे. कामाला दर नाही, करार नाही, नाही म्हणण्याची सोय नाही. पणजोबांनी शिवलेली मोट दिवसातून शंभर वेळा विहिरीत उतरे, तिच्यातून आलेले पाणी गावाच्या पिकाला जाई. पण पणजोबांना मात्र त्या विहिरीच्या काठावर चढता येत नसे. त्यांनी शिवलेला जोडा पाटलाच्या पायात करकरे, पण तोच जोडा स्वतःच्या पायात घालून चावडीपुढून जाण्याची त्यांची छाती नव्हती. कातडे बाटत नव्हते, माणूस बाटत होता!

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला आमच्या समाजातील पुष्कळ जण संकोचतात. मेलेले जनावर ओढण्याचे काम महारांकडे. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे. कमावलेले कातडे कापून शिवण्याचे काम चांभाराकडे. वास्तविक ही एकाच मालाची साखळी. एकाने हात आखडला तर दुसऱ्याचे काम बंद. पण मनूच्या व्यवस्थेने या साखळीची शिडी करून टाकली. शिवणारा कमावणाऱ्यापेक्षा वरचा, कमावणारा ओढणाऱ्यापेक्षा वरचा! आमची पणजी ढोराच्या घरचे पाणी पीत नसे, असे आजोबा सांगत. ज्याच्या कुंडातले कातडे मांडीवर घेऊन दिवसभर शिवायचे, त्याच्या घरचे पाणी मात्र चालायचे नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेची जी चिरफाड केली तिचे मर्म हेच आहे. जात नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांना एकमेकांपासून तोडते आणि एकाच्या डोक्यावर दुसऱ्याला बसवते. चामड्याच्या धंद्यात हे जितके उघडे दिसते तितके दुसऱ्या कुठे दिसत नसेल.

याच मातीतले बंड

मंगळवेढा म्हणजे चोखोबांची भूमी. त्याच मंगळवेढ्यात महात्मा बसवेश्वर कल्याणला जाण्यापूर्वी राहिले, असे परंपरा सांगते. बाराव्या शतकातील कल्याणच्या शरणांत हरळय्या हे चर्मकार होते आणि कक्कय्य हे कातडे कमावणाऱ्या समाजातले. हरळय्यांच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाला. धर्ममार्तंड खवळले. दोन्ही बापांना देहदंड झाला आणि कल्याणची चळवळ रक्तात बुडाली. आजही आपल्याकडे आंतरजातीय विवाह केला म्हणून मुलामुलींचे मुडदे पडतात. आठशे वर्षांत काय बदलले, याचा विचार वाचकांनीच करावा.

हरळय्या म्हटले की त्यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे बसवेश्वरांसाठी केले ही कथा सगळे भक्तिभावाने सांगतात. त्या लग्नाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. सेवा करणारा चांभार व्यवस्थेला आवडतो. सोयरीक जोडणारा चांभार तिला चालत नाही. संत रोहिदासांचेही तेच केले गेले. त्यांच्या हातातली आरी आणि पुढ्यातली कठवत तसबिरीत ठेवली, पण ज्या नगरात दुःख नाही, कर नाही, उच्चनीच नाही अशा नगराचे स्वप्न त्यांनी पाहिले होते, ते कुणी भिंतीवर लावले नाही.

गिरणीतले चामडे

आजोबा सोलापूरला आले ते १९२५ च्या आगेमागे. सोलापूर तोवर गिरण्यांचे शहर झाले होते. जुनी गिरणी १८७७ सालची. तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. दुष्काळाने खेडी रिकामी होत होती आणि भोंगा माणसांना बोलावत होता. तेलंगणातून पद्मशाली आले, मोची आले, कर्नाटकातून लिंगायत आले, आसपासच्या तालुक्यांतून महार, मांग, चांभार, ढोर आले. मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चार भाषा बोलणारे हे शहर कष्टकऱ्यांनी उभे केले.

गिरणीत चामड्याचे काय काम, असे आजच्या वाचकाला वाटेल. त्या काळी गिरणी चामड्याशिवाय चालत नव्हती. एका मोठ्या इंजिनाची ताकद छताखालच्या दांड्यावर जाई आणि तिथून चामड्याच्या लांबच लांब पट्ट्यांनी प्रत्येक यंत्रापर्यंत पोचे. पट्टा तुटला की यंत्र थांबले. सूतकताईच्या यंत्रातील वरच्या रुळांवर मऊ कातडे चढवलेले असे. मागावर धोट्याला टोला मारणारा जो भाग असतो, ज्याला पिकर म्हणतात, तो म्हशीच्या जाड कातड्याचा. मिनिटाला दीडदोनशे वेळा तो धोट्याला मारी, तेव्हा कापड पुढे सरके. आजोबांना पट्टे जोडण्याचे आणि शिवण्याचे काम मिळाले. महिन्याला रोख पगार! खळ्यावर सूप पुढे करून उभे राहण्यापेक्षा तो पगार हातात घेताना त्यांना काय वाटले असेल, ते शब्दांत सांगता येणार नाही.

पण गिरणीने जात सोडली का? नाही सोडली. विणखात्यात पगार जास्त, म्हणून तिथे जाण्याची त्यांची इच्छा होती. ते दार बंद होते. कारण असे सांगितले जाई की, कांडीतले सूत संपले की नवे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागते आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नाही. मुंबईच्या गिरण्यांत हेच होते आणि बाबासाहेबांनी तो प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे खडसावून मांडला होता. भांडवलदारांविरुद्ध लाल झेंडा घेणाऱ्यांना पाण्याचा वेगळा माठ दिसत नव्हता. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगितले. आजोबांना त्यासाठी पुस्तक वाचावे लागले नाही. म्हशीचे कातडे मागावर चालत होते, ते शिवणारा मागावर चालत नव्हता. दोन्ही शत्रू एकाच छपराखाली त्यांना रोज भेटत होते.

पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटार आली. छताखालचे पट्टे गेले. पिकर नायलॉनचे झाले. शेतात ऑइल इंजिने आणि विजेचे पंप आले आणि मोटही गेली. यंत्र आले याचे आम्हाला दुःख नाही. बाबासाहेब यंत्राच्या विरोधात कधीच नव्हते, माणसाचे कष्ट कमी व्हावेत हीच त्यांची भूमिका होती. दुःख याचे आहे की यंत्राने ज्यांचे काम नेले त्यांना नव्या कामावर कुणी बसवले नाही. पुढच्या दशकांत तर गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या आणि शहराची धुराडी थंड झाली.

४ जानेवारी १९२५ आणि हत्तीची पेटी

सोलापूरच्या चर्मकारांचा आंबेडकरी चळवळीशी संबंध काय, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. आपल्यातले काही जण तो कुत्सितपणे विचारतात. त्यांच्यासाठी थोडा इतिहास.

जुलै १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने पहिले मोठे काम हाती घेतले ते मुलांच्या वसतिगृहाचे, आणि ते वसतिगृह निघाले सोलापुरात, ४ जानेवारी १९२५ रोजी. मुंबईत नाही, पुण्यात नाही, आमच्या गिरणगावात! त्या सभेचे चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर हे चर्मकार समाजातले होते. म्हणजे या चळवळीच्या पायाभरणीत चर्मकाराचा हात होता.

नंतर फाटाफूट झाली हेही खरे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात चर्मकार समाजातील थोर क्रिकेटपटू पी. बाळू यांना उभे केले. बाळूंचा पराभव झाला. १९५२ साली मुंबईत काँग्रेसचे काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा चौदा हजारांवर मतांनी पराभव केला. काजरोळकरही चर्मकारच. या दोन निवडणुकांचा दाखला देऊन आजही आमच्या समाजाला टोमणे मारले जातात.

पण त्याच १९५२ सालच्या निवडणुकीत सोलापुरात काय झाले, हे किती जणांना ठाऊक आहे? सोलापूरच्या राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. राजभोज हे नाशिक जिल्ह्यातले, चर्मकार समाजात जन्मलेले, फेडरेशनचे सरचिटणीस. त्या निवडणुकीत साऱ्या देशात फेडरेशनला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, एक करीमनगरची आणि दुसरी सोलापूरची. बाबासाहेब स्वतः पडले त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा चर्मकार उमेदवार सोलापूरच्या जनतेने दिल्लीला पाठवला. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असे आणि फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. आजोबा हत्तीच्या पेटीत मत टाकून आले आणि त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या हाताने शिवलेला नवा जोडा घालून गेले, असे आमची आजी सांगे.

पुढे राजभोज फेडरेशनमधून बाहेर पडले आणि काँग्रेसमध्ये गेले. तो इतिहास आम्ही लपवत नाही. पण महार, मांग, चांभार, ढोर एका चिन्हामागे उभे राहिले तर काय होते, ते सोलापूरने १९५२ साली दाखवून दिले, हेही कुणी लपवू नये.

पेटी, पत्र्याचा स्टॉल आणि 'अस्वच्छ' व्यवसाय

आमचे वडील चौथीपर्यंत शिकले. गिरणीत बदली कामगार म्हणून काही वर्षे काढली आणि मग रस्त्यावर पेटी मांडली. रापी, आरी, हातोडी, लोखंडी तिवई, मेण लावलेला दोरा, पॉलिशच्या डब्या, एवढा संसार. सरकारी भाषेत याला गटई कामगार म्हणतात. सकाळी आठला बसायचे, दिवे लागेपर्यंत उठायचे नाही. ट्रकच्या जुन्या टायरचा तळ लावून चपला करायच्या. त्या हमालांना, मजुरांना परवडत. आई घरी चपलेच्या पट्ट्यांच्या वेण्या घालायची, कान शिवायची. तिच्या बोटांना पडलेले घट्टे कुठल्याच मजुरीच्या हिशेबात आले नाहीत. चर्मकाराच्या घरात निम्मे काम बाईच करते, पण कारागीर म्हणून ओळखपत्र निघते ते पुरुषाच्या नावाने.

पत्र्याचा स्टॉल मिळावा म्हणून वडिलांनी अर्ज केला. एका कार्यालयाने सांगितले, आधी जागेची परवानगी आणा. दुसऱ्या कार्यालयाने सांगितले, आधी स्टॉल मंजूर झाल्याचा कागद आणा. या दोन टेबलांमधल्या येरझाऱ्यांत तीन वर्षे गेली. दरम्यान अतिक्रमणाची गाडी येऊन दोनदा पेटी घेऊन गेली. चाळीस वर्षे ज्या चौकात बसून त्यांनी शहराच्या चपला सांधल्या, त्या चौकात त्यांचा हक्क चार फुटांचाही नव्हता.

आता सरकारची भाषा पाहा. १९७७-७८ पासून केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे. तिचे नावच मुळी 'अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्या पालकांच्या मुलांना शिष्यवृत्ती' असे प्रचलित झाले. सफाई करणारे, कातडी सोलणारे, कातडी कमावणारे हे त्यात येतात. शिष्यवृत्ती चांगलीच आहे, तिने अनेक मुले शिकली. पण वर्गात सगळ्यांसमोर त्या नावाने हाक मारली जाते तेव्हा दहा वर्षांच्या पोराला काय वाटते? आमच्या शेजारच्या कक्कय्य समाजाच्या घरातील मुलगा फॉर्म भरायला नको म्हणून शाळा बुडवायचा.

आणि त्याच कातड्याची दुसरी कथा. कोल्हापुरी चपलेची थोरवी सांगताना आवर्जून सांगितले जाते की तिचे कातडे रसायनांनी नव्हे, तर बाभळीची साल आणि हिरडा वापरून, आठवडेच्या आठवडे कुंडात ठेवून पारंपरिक पद्धतीने कमावलेले असते. हीच तिची खासियत. म्हणजे कातडे कमावण्याचे काम शाळेच्या फॉर्मवर 'अस्वच्छ' आणि दुकानाच्या लेबलावर 'वारसा'! एकच काम, एकच कुंड, एकच चुन्याने सोललेला हात. फॉर्मवर माणसाचे नाव असते म्हणून ते काम अस्वच्छ. लेबलावर मालाचे नाव असते म्हणून तोच वारसा. पणजोबांच्या मोटेची गोष्ट शंभर वर्षांनंतर नव्या कपड्यांत परत आली आहे, इतकेच.

गाय मेल्यावरही सुटका नाही

मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा आला. गायीची कत्तल आधीपासूनच बंद होती. आता बैल आणि वळूही त्यात आले. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. उच्च न्यायालयाने २०१६ साली कायद्याचा काही भाग रद्द केला, पण कत्तलबंदी कायम राहिली. कायद्याने नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचे कातडे काढायला मनाई केलेली नाही. पण कातड्याचा गठ्ठा टेम्पोत घालून निघालेल्या माणसाला रस्त्यात अडवणारी टोळी कायद्याचे पुस्तक उघडून बघत नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील ऊना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या आपल्या बांधवांना गाडीला बांधून मारले. त्याची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. त्यानंतर गुजरातमधील बांधवांनी जे केले ते महाडच्या परंपरेतले होते. मेलेली जनावरे सरकारी कार्यालयांपुढे नेऊन टाकली. गाय तुमची माता आहे ना, मग तिचे तुम्हीच पाहा!

वर्षानुवर्षे आमच्याकडून हे काम जबरदस्तीने करून घेतले. आता ते करताना दिसलो तर मारतात. आणि त्याच कातड्याची चपल परदेशात पोचली की अभिमानाने छाती फुगवतात. या तीन गोष्टी एकाच समाजात एकाच वेळी चालू आहेत आणि तिन्हींमध्ये नुकसान एकाचेच आहे.

पाचशे रुपयांचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. आमच्या धाकट्या भावाचा मुलगा पदवीधर आहे. स्पर्धा परीक्षांचे चार प्रयत्न झाले, नोकरी नाही. आता तो म्हणतो, काका, आजोबांचे काम मला येते, आजीने वेणी शिकवली आहे, मी कोल्हापुरी करून मोबाईलवरून विकतो. बाबासाहेबांनी हे काम सोडायला सांगितले, मग मी ते धरले तर बंडखोर की गुन्हेगार?

या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर बाबासाहेबांचेच एक भाषण आठवावे लागते. १५ ऑक्टोबर १९५६, नागपूर. मेलेली जनावरे ओढण्याचे सोडले तर अस्पृश्यांचे वर्षाकाठी पाचशे रुपयांचे नुकसान होईल, असा हिशेब त्यांच्या चळवळीला विरोध करणाऱ्यांनी वर्तमानपत्रातून मांडला होता. चामडे, शिंगे, हाडे, सगळ्यांची किंमत लावली होती. बाबासाहेबांनी त्याला काय उत्तर दिले ते सभेत सांगितले. एवढा नफा आहे ना, मग हे काम तुम्हीच करा. वर आणखी पाचशे रुपये मी देतो!

या उत्तराचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बाबासाहेबांचे वैर चामड्याशी नव्हते. त्यांचे वैर जन्माने लादलेल्या कामाशी होते. जे काम एका जातीनेच करायचे, सोडायची मुभा नाही, दर ठरवायचा हक्क नाही आणि वर जे केल्याबद्दल अपमान सोसायचा, ते काम फायद्याचे असले तरी गुलामीच. उलट जे काम माणूस शिकून, निवडून, आपल्या अटींवर करतो आणि वाटेल तेव्हा सोडू शकतो, तो उद्योग. म्हणून पुतण्याला आम्ही सांगितले, करायचे तर कर, पण दारात हात पसरून नको. दर तू ठरव. नाव तुझे लाव. हिशेबाची वही ठेव. आणि तुझ्या मुलीने हे काम करू नये असे तिला वाटले तर तिला आडवा येऊ नकोस.

पण पुतण्याने एकट्याने ठरवून भागत नाही. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यानुसार नावाची मालकी नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे असते आणि कारागिराला ते नाव वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. ती नोंद नसेल तर पणजोबांपासून चपला शिवणाऱ्या घराला आपल्याच मालावर ते नाव हक्काने लावता येत नाही. कच्चा माल महाग, भांडवल नाही, म्हणून कारागीर व्यापाऱ्याकडून कातडे उधार घेतो आणि तयार जोड त्यालाच पडत्या दरात देतो. खळ्यावरचे सूप गेले, दुकानदाराची वही आली.

मागणी काय असावी

संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ साली स्थापन झाले. पन्नास वर्षे उलटली. महामंडळाने आता साध्या चार गोष्टी कराव्यात. पहिली, मानांकन मिळालेल्या चारही जिल्ह्यांत, आणि त्यात सोलापुरातही, वस्तीवस्तीत जाऊन कारागिरांची अधिकृत नोंद करावी, आणि ती बाईच्याही नावाने. दुसरी, परदेशी कंपनीशी झालेल्या करारातून एका जोडामागे कारागिराच्या हातात किती रुपये पडतात ते जाहीर करावे. तिसरी, कातड्याची डेपो उघडून उधारीचा फास सोडवावा. चौथी, कातड्याच्या कायदेशीर वाहतुकीला संरक्षण द्यावे. गटई कामगारांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. रस्त्यावर सेवा देणाराही त्यात येतो. नगर पथविक्रेता समितीत आपला माणूस बसला पाहिजे, म्हणजे पेटी उचलून नेण्याआधी विचारावे लागेल.

आणि चळवळीलाही आमचे दोन शब्द. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. तेव्हापासून गल्लोगल्ली हिशेब सुरू झाला आहे. कुणी किती खाल्ले, कुणाचे किती राहिले. आमचे म्हणणे एवढेच की आकडे जरूर पुढे यावेत, मागे राहिलेल्याला त्याचा वाटा जरूर मिळावा. पण ज्यांनी ओढणारा, कमावणारा आणि शिवणारा यांची शिडी केली, त्यांच्या हाती पुन्हा शिडी देऊ नका. बौद्ध बांधवांनी चांभाराला 'तुम्ही बाबासाहेबांना पाडले' असे म्हणणे थांबवावे. चर्मकार बांधवांनी 'ती चळवळ त्यांची' असे म्हणणे थांबवावे. मातंग आणि ढोर बांधवांच्या पंगतीला आपण किती वेळा बसलो, हे प्रत्येकाने आपल्या घरात मोजावे.

सोलापूरचे पहिले वसतिगृह उघडले तेव्हा बाबासाहेबांनी कातड्याचा कारखाना काढला नाही की मोटेसाठी अनुदान मागितले नाही. त्यांनी आधी मुलांना राहायला छप्पर आणि हातात पुस्तक दिले. क्रम तोच असला पाहिजे. आधी शाळा, मग निवड, मग उद्योग. वस्तीतल्या ज्या मुलाला आज चपल शिवायची आहे त्याला भांडवल आणि बाजार मिळवून द्या. ज्या मुलीला डॉक्टर व्हायचे आहे तिला वारशाच्या नावाखाली पाटावर बसवू नका. चपल ऐंशी हजाराला विकली जाते की आठशेला, ही व्यापाऱ्यांची गणिते आहेत. आपले गणित एकच आहे. ती शिवणाऱ्याला नाही म्हणता येते का? ज्या दिवशी येईल, त्या दिवशी 'आमची कोल्हापुरी' असे आम्हीही अभिमानाने म्हणू. जय भीम!